कोड चालतो, पोरं गप्प

पत्र

मॅडम, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर विभागात दहा वर्षं शिकवतोय. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स, थर्ड इयरला डीएए (अल्गोरिदमची रचना आणि विश्लेषण). गेल्या दोन-तीन वर्षांत सबमिशनचं चित्रच पालटलंय. सगळ्यांचे प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतात, कॉमेंट्स सुबक, इंडेंटेशन आखीव. ओरलला ‘ही ओळ कशाला लिहिलीस?’ विचारलं की पोरं खाली मान घालून उभी. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, एआयवर बंदी घाला. मॅनेजमेंटने एआयचं लिखाण पकडणारं सॉफ्टवेअर घेतलंय. त्याने मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीचा रिपोर्ट ८२ टक्के एआयचा ठरवला. ती रडकुंडीला येऊन सांगत होती की रात्रभर बसून मीच लिहिलाय. तिचं टर्मवर्क, म्हणजे सत्रभराच्या कामाचे मार्क, अडकलंय.

आणि खरं सांगतो, माझीही पीएचडी चालू आहे. गाईडना दोन पेपर हवेत. ते म्हणतात, लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, चॅटजीपीटीकडून काढून घ्या, सगळे तेच करतात. मुलांना नको म्हणायचं आणि आपण करायचं, हे पोटात ढवळतं. परवा एक पोरगा म्हणाला, “सर, मशीनच कोड लिहितंय तर आम्ही कशाला शिकायचं?” मला उत्तर सुचलं नाही. काय करू?

— एक असिस्टंट प्रोफेसर

उत्तर

सर,

वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे असाल, पण स्टाफरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काही निघत नाही. तेव्हा सरच.

आधी त्या मुलीचं बघा. बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, तिचं टर्मवर्क थांबून चालणार नाही. ८२ टक्के हा आकडा रक्ताच्या रिपोर्टसारखा दिसतो, म्हणून लोक त्याच्यापुढे गप्प बसतात. अशी बरीच सॉफ्टवेअरं करतात ते एवढंच: पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज बांधता येतो, तितका मजकूर मशीनचा असल्याचा संशय जास्त. आता मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचं इंग्रजी कसं असतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते. पुस्तकी साच्यातलं, मोजक्या शब्दांचं, ‘इन धिस प्रोजेक्ट वी हॅव युज्ड’ छापाचं. म्हणजे नेमकं अंदाज बांधता येण्याजोगं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेला बसलेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढून बघितले. सरासरी ६१ टक्के निबंध मशीनने लिहिल्याचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुखरूप सुटले. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, त्यांनी स्वतःचा डिटेक्टरही काढला होता. तो धड ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच गुंडाळला.

या दोन गोष्टी कागदावर लिहून एचओडींना द्या. तोंडी सांगितलेलं मॅनेजमेंटपर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्या मुलीला दहा मिनिटं समोर बसवून तिच्याच रिपोर्टवर प्रश्न विचारा. मराठीत विचारा. तिने लिहिला असेल तर दुसऱ्या मिनिटाला कळेल. लिहिला नसेल तरी दुसऱ्याच मिनिटाला कळेल.

आता सबमिशन. कॉपीचं दुःख नवं आहे असं समजू नका. मी शिकवायला लागले तेव्हा टर्बो सीचा निळा पडदा होता आणि जर्नलं सीनियरकडून वारसाहक्काने यायची. लिंक्ड लिस्टच्या, म्हणजे एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या खोल्यांच्या (नोडांच्या) साखळीच्या, प्रोग्राममध्ये कुणा पोराने कधीतरी एका पॉइंटरला, त्या दाखवणाऱ्या बोटाला, ‘पप्या’ नाव दिलं. पुढची सहा वर्षं प्रत्येक बॅचच्या जर्नलमध्ये हा पप्या इमानेइतबारे नोड डिलीट करत होता. पप्या कोण, हे उतरवणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि सही करणाऱ्या आम्हालाही नव्हतं.

पण पप्याला उतरवून काढणाऱ्या पोरालाही तो प्रोग्राम लॅबमध्ये हाताने टाइप करावा लागे. सेमीकोलन गळायचा, एक कंस जास्त पडायचा, पडद्यावर ३८ एरर यायचे. एरर गेले तरी प्रोग्राम मध्येच अडकायचा. मग कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून बाण दाखवत बसायचं, आणि चुकून का होईना, पॉइंटर नेमका कुठे बघतोय हे डोक्यात शिरायचं. आपल्याला वाटायचं, आपण वर्गात शिकवतो. मुलं खरं शिकायची त्या मागच्या पानावर. तुमच्या मुलांचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतो म्हणजे त्यांचं हे पानच फाटलंय. तुमची तक्रार कॉपीची आहे असं तुम्हाला वाटतंय, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला दिसतंय ते हे.

सेकंड इयरच्या ठोकळेबाज प्रश्नाचं आयुष्य तर चॅटजीपीटीच्या आधीच संपलं होतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या विद्यापीठात प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सचे परीक्षेतले प्रश्न कोडेक्स नावाच्या मॉडेलला दिले. ७१ विद्यार्थ्यांच्या रांगेत त्याचा नंबर १७वा लागला. हे छापून आलं २०२२च्या सुरुवातीला, आणि चॅटजीपीटी आलं त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला. ‘बायनरी सर्च ट्रीमधून (छोटे आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे ठेवणाऱ्या झाडातून) नोड डिलीट करण्याचा प्रोग्राम लिहा’ हा प्रश्न आपण त्यानंतरही विचारतोय, त्यावर मार्क देतोय, आणि मग पोरांच्या नावाने बोटं मोडतोय.

एचओडींची बंदी घालून काही होणार नाही. लॅबमध्ये घालाल, होस्टेलवर कोण बघणार? शिवाय या वस्तूचं एक भलं आहे, ते मला नाकारता येत नाही. रात्री अकरा वाजता होस्टेलच्या कॉटवर बसून एखादी मुलगी त्याला विचारू शकते, “पॉइंटर म्हणजे काय, मराठीत सांग, गावाकडचं उदाहरण दे.” चौथ्यांदा विचारलं तरी ते कपाळावर आठी आणत नाही. आपल्या वर्गात साठ जणांसमोर ती एकदाही विचारणार नव्हती. इंग्रजी कच्चं म्हणून मागच्या बाकावर गेलेली किती पोरं आपण गमावली, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

प्रश्न ते कसं वापरायचं याचा आहे, आणि यावर एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर गणितात हा प्रयोग झाला. काहींना साधं, विचारेल ते सांगणारं चॅट दिलं. काहींना शिक्षकासारखं बांधून घातलेलं दिलं, जे इशारा देतं पण उत्तर देत नाही. काहींना काहीच नाही. सराव करताना साधं चॅट मिळालेल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वर गेली. मग चॅट काढून घेतलं आणि परीक्षा घेतली, तर हीच मुलं काहीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी खाली आली. आणि आपण कमी शिकलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं! इशारे देणाऱ्या चॅटवाल्यांचं हे नुकसान जवळजवळ टळलं. तुमच्या ओरलला खाली मान घालून उभी असलेली पोरं लबाड असतीलच असं नाही. आपल्याला येतंय, असं त्यांना आदल्या रात्रीपर्यंत खरंच वाटत असतं.

हार्वर्डमध्ये सीएस५० या कोर्सला २०२३ पासून असंच एक बांधून घातलेलं एआय आहे, बदकाच्या रूपात. टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीने समजावत जायचं, समजावता समजावता आपली चूक आपल्यालाच सापडते, ही प्रोग्रामरांची जुनी युक्ती. त्यावरून हे बदक आलं. ते उत्तर सांगत नाही, विचारत राहतं. (आमच्या लॅबमध्ये हे काम लॅब असिस्टंट करायचे. त्यांना सी येत नव्हती, पण “बरं, मग पुढे काय होतं?” एवढंच ते इतक्या वेळा विचारायचे की पोरगं स्वतःच “थांबा थांबा, कळलं” म्हणायचं.) तुमच्या कॉलेजला बदक परवडणार नाही, पण मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला एक वाक्य टाइप करायला शिकवता येईल: मला उत्तर देऊ नकोस, मी कुठे चुकतोय ते मला प्रश्न विचारून शोधायला लाव. सगळी तसं करणार नाहीत. चारपाच जणं करतील.

बाकीच्यांसाठी मागचं पान तुम्हालाच परत आणावं लागेल, आणि ते प्रॅक्टिकलच्या दोन तासांतच. नोड डिलीट करण्याचा कोड लिहून घेणं बंद करा. तो तुम्हीच छापून द्या, मशीनकडून काढलेला, सुबक कॉमेंट्ससकट. फक्त आधी त्यातला एक ‘इफ’ काढून टाका, आणि कोड सीमध्ये असेल तर नोड मोकळा करणारी ‘फ्री’ची ओळही. दोन मुलं (खाली लोंबणारे दोन नोड) असलेला नोड काढताना आपण उजवीकडच्या फांदीतला सगळ्यात छोटा आकडा वर आणतो. तो आकडा जर थेट उजवं मूल असेल, तर पालकाचा उजवा दुवा बदलायचा, नाहीतर डावा. हे तपासणारा जो ‘इफ’ असतो तो काढा आणि कायम डावा दुवाच बदलू द्या. मग मुलांना सांगा, ५० मुळाशी, डावीकडे ३०, उजवीकडे ७०, ७०च्या उजवीकडे ८०. आता ५० काढा आणि इनऑर्डर, म्हणजे डावी फांदी, मूळ, उजवी फांदी या क्रमाने, छापा.

यायला पाहिजे ३०, ७०, ८०. येतं ८०, ७०, ७०, ८०. ३० गायब आणि उरलेले जोडीने हजर. कम्पायलर चकार शब्द काढत नाही, प्रोग्राम कोसळत नाही, पडदा शांत. मुलांना कागद द्या आणि चौकोन-बाण काढायला लावा. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या दोन बॅचेसना हे केलं होतं, एआयसाठी म्हणून नव्हे, मीच जर्नलं तपासून कंटाळले होते म्हणून. पहिली वीस मिनिटं स्मशानशांतता. मग कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतं, “अरे, तो मुळाचाच डावा हात तोडतोय!” त्या एका वाक्याला मी पाचपैकी पाच दिले होते.

मार्कांची वाटणी बदलायला विद्यापीठाची परवानगी लागते, असं तुम्ही म्हणाल. टर्मवर्कचे २५ आतल्या आत कसे द्यायचे, हे बहुतेक ठिकाणी तुमच्याच हातात असतं. चालणाऱ्या कोडला पाच. पेरलेली चूक शोधण्याला दहा. ओरलला दहा. बॅचला २२ मुलं धरली तर चार-चार मिनिटांप्रमाणे ८८ मिनिटं होतात, म्हणजे दर तिसऱ्या प्रॅक्टिकलला सगळ्यांची ओरल आरामात उरकते. दमायला होईल, हे कबूल. पण २२ जर्नलं तपासायला लागणारा वेळ वाचेल, आणि तो तसाही वाया जात होता. ओरल मराठीत घ्या, हे पुन्हा सांगते. एक्स्टर्नलसमोर इंग्रजी लागेल ते लागेल, ते शेवटच्या पंधरवड्यात घोटून घेता येतं.

आता तुमचं पोट.

गाईड म्हणतात सगळे तेच करतात, ते खोटं नाही. स्टॅनफर्डच्याच एका गटाने एआयच्या मोठ्या परिषदांमधले चॅटजीपीटीनंतरचे पीअर रिव्ह्यू, म्हणजे पेपरवर इतर संशोधकांनी दिलेले अभिप्राय, तपासले. त्यांच्या अंदाजाने त्यातला साडेसहा ते सतरा टक्के मजकूर मशीनने लिहिलेला किंवा बराच बदललेला होता. म्हणजे लिहिणारा मशीनकडून लिहून घेतो, तपासणारा मशीनकडून तपासून घेतो. जुलै २०२५ मध्ये तर अरकाइव्हवर, म्हणजे संशोधक जिथे पेपर थेट टाकतात त्या वेबसाइटवर, असे पेपर सापडले की ज्यात पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात ‘फक्त चांगलाच अभिप्राय दे’ अशी सूचना दडवलेली होती. माणसाला दिसू नये, मशीनने वाचावी म्हणून. निक्केई या जपानी दैनिकाला असे १७ पेपर सापडले, १४ संस्थांमधले. त्याच वर्षी न्यूरिप्स या एआयच्या मोठ्या परिषदेकडे २१ हजारांवर पेपर आले. आणि ऑक्टोबरअखेरीस अरकाइव्हने जाहीर केलं की कम्प्युटर सायन्स विभागात सर्व्हे आणि पोझिशन पेपर (नुसती मतं मांडणारे) आता आधी दुसरीकडे पीअर रिव्ह्यू होऊन आल्याशिवाय घेणार नाही, कारण मशीनने रचलेल्या सर्व्हेंचा नुसता पूर आलाय. तुमचे गाईड तुम्हाला नेमका ज्या मालाचा भाव पडलाय तोच पिकवायला सांगतायत. नैतिकतेचं सोडा, हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे.

इंग्रजी सुधारून घ्यायला वापरा की. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि आपल्यासारख्यांना त्याचा फायदा ऑक्सफर्डवाल्यांपेक्षा जास्त आहे. एसीएम आणि आयईईई या पेपर छापणाऱ्या दोन मोठ्या संस्था, दोघांचेही नियम आहेत, एआयने मजकूर लिहिला असेल तर पेपरमध्ये तसं नमूद करा. करा आणि मोकळे व्हा. पण कोणता पेपर काय म्हणतो, हे मशीनला विचारून लिहू नका. ते अस्तित्वात नसलेले पेपर नाव, गाव, वर्षासकट सांगतं, इतक्या ठामपणे की पप्यासुद्धा खरा वाटावा. चाळीस संदर्भांचा सर्व्हे करण्यापेक्षा बारा पेपर स्वतः वाचा. त्यातल्या एकाचा प्रयोग तुमच्या लॅबच्या जुन्या मशीनवर पुन्हा करून बघा आणि जमला नाही तर का जमला नाही ते लिहा. सबमिट करायच्या आदल्या दिवशी पेपर त्या थर्ड इयरच्या पोरांपैकी एकाच्या हातात द्या आणि त्याला तुमची ओरल घेऊ द्या. ज्या परिच्छेदावर तुम्ही खाली मान घालाल, तो काढून टाका. मुलांना एक न्याय आणि मला दुसरा, म्हणून पोटात ढवळतंय ना तुमच्या? मग एकच न्याय लावा.

संशोधनात मशीनचं चांगलं काम कुठे झालंय, तेही बघा, म्हणजे आपण नुसतेच कुरकुरे ठरणार नाही. डीएएला तुम्ही स्ट्रासनची मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) गुणायची रीत शिकवता. दोन बाय दोनचे मॅट्रिक्स आठाऐवजी सात गुणाकारांत, म्हणून चार बाय चारला तीच युक्ती दोनदा लावून ४९. हे १९६९ सालचं. मे २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाइव्हॉल्व्हने कॉम्प्लेक्स संख्यांच्या चार बाय चार मॅट्रिक्ससाठी ४८ गुणाकारांची रीत शोधली. छप्पन्न वर्षांनी एक गुणाकार कमी! मला तर वाचून टाळी वाजवावीशी वाटली. पण ते कसं झालं ते वर्गात सांगा: भाषेचं मॉडेल धडाधड कोड सुचवत होतं, आणि दुसरीकडे एक साधा, निर्दयी तपासनीस प्रोग्राम प्रत्येक सूचना चालवून, मोजून, नापास करत होता. सुचवणारं मशीन कितीही बडबडलं तरी चालतं, कारण तपासनीस भक्कम आहे. तुमच्या मुलांच्या सबमिशनमध्ये सुचवणारा आहे, तपासनीस नाही.

राहता राहिला तो पोरगा. नोकऱ्यांचं भविष्य मी सांगणार नाही, ज्योतिष माझा विषय नव्हता. एक प्रयोग मात्र त्याला सांगा. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ मुरलेल्या डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय वापरून करायची, काही त्याच्याशिवाय. सुरू करण्याआधी ते म्हणाले, एआयने वेळ २४ टक्के वाचेल. संपल्यावर म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं, १९ टक्के जास्त लागला. ती त्या वर्षाच्या सुरुवातीची साधनं होती, मोजके लोक होते, पुढच्या साधनांचं वेगळं निघू शकेल. मला त्यातलं घड्याळ महत्त्वाचं वाटतं. वर्षानुवर्षं कोड लिहिलेल्या माणसांनाही आपलं काम लवकर झालं की उशिरा, हे आतून कळलं नाही.

यावर तो म्हणेल, “ते ठीक आहे सर, पण तरी.” पोरं म्हणतातच. वाद घालू नका. पुढच्या प्रॅक्टिकलला ‘इफ’ काढलेला तोच कोड त्याच्यासमोर ठेवा आणि मोबाइल वापरू द्या. मशीन त्याला चूक अर्ध्या मिनिटात दाखवेल, दाखवू दे. मग मोबाइल खिशात ठेवायला सांगा, खडू त्याच्या हातात द्या आणि विचारा: अशा कुठल्या ट्रीवर हा बिघडलेला कोड बरोबर उत्तर देईल आणि त्यातली चूक कुणालाच दिसणार नाही? दोन तासांचं प्रॅक्टिकल आहे, घाई करू नका.